पागेतून पाड्यावर

पुण्यातल्या नारायण पेठेत लक्ष्मी रस्त्यावर पेशव्यांची घोड्यांची पागा होती, तिथे हुजूरपागा ही मुलींची शाळा उभी राहिली, स्थापना १८८४ची. अनुताई वाघ इथल्याच शिक्षिका. १९४५मध्ये त्या ताराबाई मोडकांसोबत बोर्डी या गावी बालशिक्षणाच्या कामाला लागल्या. बालवाडी सुरू झाली, पण आदिवासी मुलं येईनात. कुणाला गुरं राखायची, कुणाच्या कडेवर धाकटं भावंड. मग वर्गच पाड्यावर गेला. सारवलेलं अंगण, आधी मुलांची आंघोळ, मग शंख-शिंपले, बिया, पानं यांची खेळणी. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. बालशिक्षणातलं इतकं धाडसी पाऊल दुसरं क्वचितच सापडेल. पुढे कोसबाडच्या टेकडीवर या कामासाठी इमारती झाल्या. केंद्र सरकारची अंगणवाडी योजना आली ती त्यानंतर, २ ऑक्टोबर १९७५ रोजी.