सात आठवड्यांचे अंतर

जोतीराव फुल्यांच्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका मी प्रथम वाचली ती कॉलेजात असताना. अमेरिकेतल्या सदाचारी लोकांनी निग्रो गुलामांना दास्यातून सोडवले, म्हणून जोतीरावांनी हे पुस्तक त्यांना अर्पण केले आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा अशी आशा व्यक्त केली. पुण्यातला एक माणूस सातासमुद्रापलीकडच्या लोकांशी नाते जोडतो, याचे तेव्हा फार अप्रूप वाटले होते. आजही वाटते. पण पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धानंतरच्या वर्षांचा अभ्यास करू लागलो, तेव्हा एक तारीख मनात रुतून बसली.

‘गुलामगिरी’ची तारीख आहे १ जून १८७३. त्याच्या बरोबर सात आठवडे आधी, १३ एप्रिल १८७३ रोजी, ईस्टरच्या रविवारी, लुइझियाना राज्यातल्या कोलफॅक्स या लहानशा गावात मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांचे हत्याकांड झाले. मृतांचा नेमका आकडा आजही सांगता येत नाही. अंदाज साठपासून दीडशेपर्यंत जातात. पुण्यात अर्पणपत्रिका छापली जात असताना ज्यांच्या मुक्ततेचा तीत गौरव होता, त्यांच्यातलीच माणसे तिकडे मारली गेली होती. हे कसे घडले, याचा शोध म्हणजे हा लेख.

सुरुवात युद्धाच्या कारणापासून करायला हवी, कारण घोळ तिथूनच घातला गेला. दक्षिणेकडची राज्ये ‘राज्यांच्या हक्कांसाठी’ लढली, असे पुढे कित्येक दशके शिकवले गेले. पण १८६१ मध्ये त्या राज्यांनी फुटून निघताना काय म्हटले ते पाहावे. मिसिसिपीने आपल्या जाहीरनाम्यात गुलामगिरीशी असलेली आपली बांधिलकी उघडपणे सांगितली. नव्या संघराज्याचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी मार्च १८६१ मध्ये सव्हाना येथे भाषण करून कृष्णवर्णीय हा गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, हीच आमच्या राज्याची कोनशिला असल्याचे सांगितले. त्या वेळी देशात जवळजवळ ४० लाख गुलाम होते. दक्षिणेचा कापूस त्यांच्या श्रमांवर पिकत होता.

लिंकन युद्ध लढले ते संघराज्य टिकवण्यासाठी. गुलामांनी मात्र पहिल्या दिवसापासून त्याचा अर्थ वेगळा लावला. मळे सोडून ते उत्तरेच्या छावण्यांकडे पळू लागले. १ जानेवारी १८६३ च्या मुक्तिघोषणेनंतर सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय उत्तरेच्या लष्करात दाखल झाले. युद्ध १८६५ च्या वसंतात संपले, तोवर दोन्ही बाजूंची मिळून सहा लाखांहून अधिक माणसे मेली होती. त्याच डिसेंबरात १३वी घटनादुरुस्ती मंजूर होऊन गुलामगिरी कायद्याने संपली.

पण मुक्त झालेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी खायचे काय? युद्ध संपण्यापूर्वीच, १२ जानेवारी १८६५ रोजी सव्हाना शहरात, जनरल शर्मन आणि युद्धमंत्री स्टँटन यांनी वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना बोलावून हाच प्रश्न विचारला. त्यांच्या वतीने बोलले गॅरिसन फ्रेझियर. वय ६७, आयुष्याचा बहुतेक काळ गुलामीत गेलेला. १८५७ मध्ये हजार डॉलर मोजून त्यांनी स्वतःला आणि पत्नीला विकत घेतले होते. त्यांच्या उत्तराचा आशय साधा होता: आम्हाला जमीन द्या, ती आम्ही आमच्या कष्टाने कसू आणि आमचे पोट भरू. चार दिवसांनी शर्मन यांचा हुकूम निघाला. चार्ल्सटनपासून फ्लोरिडापर्यंतच्या किनारपट्टीवरील जमीन मुक्त कुटुंबांना द्यायची, प्रत्येकी चाळीस एकरांपर्यंत. सुमारे ४० हजार माणसे तिथे वसली.

एप्रिलमध्ये लिंकन यांचा खून झाला. अध्यक्षपदी आलेल्या अँड्र्यू जॉन्सन यांनी बंडखोर मळेवाल्यांना माफी दिली आणि त्यांच्या जमिनीही परत केल्या. ऑक्टोबरमध्ये एडिस्टो बेटावरच्या लोकांना ही बातमी सांगायला जनरल हॉवर्ड यांना जावे लागले. मुक्त झालेल्यांच्या मदतीसाठी नेमलेल्या सरकारी खात्याचे, फ्रीडमेन्स ब्युरोचे, ते प्रमुख. देणारा हातच परत घ्यायला आला होता. माझ्या मते पुनर्रचनेचे निम्मे भवितव्य त्या दिवशी ठरले.

जमीन गेली तेव्हा उरली बटाई. जमीन मालकाची, खेचर मालकाचे, बियाणे मालकाचे. पीक आले की निम्मे त्याचे. हंगामभरचे पीठ-मीठ दुकानातून उधार, तारण म्हणून उभे पीक, आणि हिशेबाची वही दुकानदाराकडे. मराठी वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. युद्धात अमेरिकेचा कापूस अडला तेव्हा मुंबईत सोने बरसले. १८६५ मध्ये भाव कोसळले आणि दख्खनचा शेतकरी कर्जात रुतत गेला. १८७५ मध्ये सुप्याला लोकांनी सावकारांची कर्जखते जाळली. दोन्हीकडचा कापूस पिकवणारा माणूस एकाच बाजाराने बांधलेला होता.

तरीही त्या दशकात जे झाले ते लहान नव्हते. दक्षिणेतल्या विधिमंडळांनी ‘ब्लॅक कोड’ नावाचे कायदे करून मुक्त माणसाला भटका ठरवून मजुरीला जुंपायची सोय केली, तेव्हा उत्तरेची काँग्रेस खवळली. १८६८ च्या १४व्या दुरुस्तीने नागरिकत्व आणि कायद्यापुढील समानता दिली, १८७० च्या १५व्या दुरुस्तीने कृष्णवर्णीय पुरुषांचा मताधिकार सुरक्षित केला. त्याच वर्षी हायरम रेव्हल्स हे सिनेटमध्ये बसणारे पहिले कृष्णवर्णीय ठरले. १८६२ मध्ये चार्ल्सटनच्या बंदरातून बंडखोरांचे जहाजच पळवून नेणारा गुलाम रॉबर्ट स्मॉल्स पुढे काँग्रेसचा सदस्य झाला. दक्षिणेत सर्वांसाठी सरकारी शाळा सुरू झाल्या त्याही याच राजवटींमुळे.

कोलफॅक्सचा हल्ला होता तो यावर. १८७२ च्या निवडणुकीत लुइझियानात दोन्ही पक्षांनी विजयाचा दावा केला. कृष्णवर्णीय मतदारांनी आपल्या अधिकाऱ्यांच्या रक्षणासाठी कोलफॅक्सच्या कचेरीभोवती चर खणले. गोऱ्यांचा सशस्त्र जमाव तोफ घेऊन आला, कचेरीला आग लावली. पुष्कळांना शरण आल्यानंतर, रात्री, कैदी असताना गोळ्या घातल्या. खटल्यात दोषी ठरले ते तिघेच, तेही खुनाबद्दल नव्हे, तर नागरिकांचे हक्क हिरावण्याच्या कटाबद्दल. १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेही रद्द केले. १४वी दुरुस्ती राज्याला बांधते, खासगी माणसांना नव्हे, असा न्यायालयाचा तर्क. म्हणजे राज्य डोळे मिटून बसले, तर दाद मागायची कुठे? पुढच्याच वर्षी अध्यक्षपदाच्या वादग्रस्त निवडणुकीनंतर दक्षिणेतल्या राजवटींच्या पाठीशी असलेले केंद्राचे सैन्य मागे घेतले गेले. १८९० च्या मिसिसिपीच्या नव्या राज्यघटनेने मतदान-कर आणि वाचनाच्या परीक्षा लावून १५वी दुरुस्ती कागदावर तशीच ठेवली आणि मतदार मात्र गाळले.

मग इतिहासही तसाच लिहिला गेला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक डनिंग आणि त्यांच्या शिष्यांनी पुनर्रचना म्हणजे अडाण्यांचा गोंधळ, असे चित्र रुजवले. डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये शिकायला गेले ते याच विद्यापीठात. त्या चित्राला सविस्तर उत्तर दिले ते १९३५ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यूबॉइस यांनी. पुढे १९४६ मध्ये आंबेडकरांनी या ड्यूबॉइस यांनाच पत्र लिहिले. संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागण्याच्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाची त्यांना चौकशी करायची होती. अर्पणपत्रिकेतून जुळलेला धागा त्र्याहत्तर वर्षांनी पुन्हा जोडला गेला, पण या वेळी ज्यांनी सोडवले त्यांच्याशी नव्हे, तर ज्यांना अजून सुटायचे होते त्यांच्याशी.

कोलफॅक्समध्ये १९५० साली राज्याने एक फलक लावला होता. त्यात हत्याकांडाला ‘दंगल’ म्हटले होते आणि ती दक्षिणेतल्या गैरकारभाराचा शेवट म्हणून गौरवली होती. तो फलक २०२१ मध्ये काढला गेला.

जोतीरावांची चूक झाली, असे मला म्हणायचे नाही. त्यांनी गौरवलेली गोष्ट खरी होती, ४० लाख माणसांच्या बेड्या तुटल्या होत्या. आणि ‘गुलामगिरी’ लिहून ते थांबले नाहीत. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. बेडी तुटल्यावर शाळा, जमीन, कचेरी यांचे काय, हा फ्रेझियर यांनी सव्हानात मांडलेला प्रश्न त्यांना पुण्यातही पडलेलाच होता. आता ती अर्पणपत्रिका वाचतो तेव्हा तिच्याशेजारी १३ एप्रिल ही तारीख मी पेन्सिलीने लिहून ठेवली आहे.