अंबाजोगाईस उतरावें कोठें?

कुलदैवताच्या दर्शनास जाण्याचें घरांत ठरलें म्हणजे पहिला वाद दिवसाचा होतो, दुसरा वाहनाचा. उतरण्याच्या जागेचा विचार सर्वांच्या शेवटीं निघतो, आणि तोहि बहुधा घरांतील एखाद्या तरुणाच्या अंगावर टाकून मंडळी मोकळी होतात. तो तरुण मोबाईलवर चार चित्रें पाहतो, दर विचारतो आणि खोल्या राखून ठेवतो. वास्तविक यात्रेचें निम्मेंअधिक सुख याच एका गोष्टीवर अवलंबून असतें. म्हणून बीड जिल्ह्यांतील अंबाजोगाई या पुरातन नगरीस जाणाऱ्या कुटुंबांनीं मुक्कामाची जागा कशी निवडावी, याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

श्रीयोगेश्वरी ही कोंकणस्थांपैकीं पुष्कळ कुळांची कुलस्वामिनी. देशावरीलहि अनेक घराण्यांचें तें दैवत आहे. लग्न झालें कीं नव्या जोडप्याला देवीच्या पायांवर घालून आणावयाचें, ही चाल आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं अजून चालू असेल. नगरी बालाघाटच्या पठारावर जयंती नदीच्या कांठीं वसली आहे. निजामी अमदानींत तिला मोमिनाबाद म्हणत. गांवास आगगाडी नाहीं. परळी-वैजनाथचें स्थानक सुमारें २५ किलोमीटरांवर आहे आणि बीड शहर सुमारें ९० किलोमीटरांवर.

मौज अशी कीं, या नगरीची मूळ कथाच मुक्कामाची कथा आहे. देवी कोंकणांतून परळीच्या वैजनाथाशीं विवाहासाठीं निघाली, वऱ्हाड येथें थांबलें आणि मुहूर्त टळला. देवी येथेंच राहिली, वऱ्हाडी मंडळी पाषाण झाली, असें लोक सांगतात. गांवालगत खडकांत कोरलेलीं लेणीं आहेत, त्यांना कोणी ‘हत्तीखाना’ म्हणतात, कोणी ‘जोगाईचे मांडव’. तेथील दगडी हत्ती त्या वऱ्हाडांतलेच, अशी समजूत आहे. इतिहासाचे अभ्यासक त्यांना शिवाचीं लेणीं म्हणून ओळखतात. लोकांच्या मनांत मात्र तो आजहि लग्नाचा मांडव आहे. देवीला जें अंतर वेळेवर गांठतां आलें नाहीं, तें हल्लीं मोटार पाऊण तासांत तोडते. आणि या सोयीमुळेंच पुष्कळ कुटुंबें सकाळीं परळी, दुपारीं अंबाजोगाई आणि रात्रीं आपलें घर, अशी धांवती यात्रा उरकून टाकतात.

आमचें पहिलें सांगणें एवढेंच कीं, या गांवीं निदान दोन रात्री राहावें. योगेश्वरीच्या देवळापलीकडे येथें पाहण्यासारखें पुष्कळ आहे. यादव राजा सिंघण याचा सेनापति खोलेश्वर हा या नगरीशीं संबद्ध होता. तेराव्या शतकांतील येथील शिलालेखांत त्याचें आणि त्याच्या कुळाचें वर्णन आहे. त्याचा पुत्र राम गुजरातच्या स्वारींत नर्मदेच्या कांठीं लढतांना पडला, ही हकीकत या लेखांवरूनच कळते. डोंगराच्या कुशींत मुकुंदराजांची समाधि दाखवितात. त्यांचा ‘विवेकसिंधु’ शके १११०, म्हणजे सन ११८८ मधील, असें परंपरा मानते. समाधीचें स्थान आणि ग्रंथाचा काळ यांविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. पण मराठी वाचणाऱ्या माणसानें या दरींत एक संध्याकाळ घालवावी, याविषयीं मतभेद होण्याचें कारण नाहीं. दत्तभक्त दासोपंत (१५५१–१६१५) यांची समाधीहि येथेंच आहे. सवालक्ष ओव्यांचा म्हणून सांगितला जाणारा ‘गीतार्णव’ त्यांचा, आणि सुमारें ४० फूट लांब व ४ फूट रुंद कापडावर पंचीकरणाचा विषय मांडणारी प्रसिद्ध पासोडीहि त्यांचीच. नातवंडांना हें सारें दाखवावयाचें तर घड्याळाकडे पाहत फिरून भागत नाहीं.

राहावयाचें ठरलें, आतां कोठें? पूर्वीं क्षेत्राच्या ठिकाणीं उपाध्यायांच्या घरीं उतरण्याची रीत होती. नाशिक-त्र्यंबकेश्वरासारख्या क्षेत्रांत तर आपल्या पणजोबांच्या हातची सही उपाध्ये वहींतून काढून दाखवीत, आणि परक्या गांवांतलें तें घर क्षणांत आपलें होई. त्या रीतींतील आपुलकी थोर, यांत शंका नाहीं. परंतु अवेळीं आलेल्या पंधरा माणसांचा स्वयंपाक त्या घरची गृहिणी एकटीच करी. वहींत यजमानांच्या सात पिढ्या लिहिलेल्या असत; तिच्या दुखऱ्या कंबरेची नोंद कोणत्याच पानावर नसे. म्हणून ती रीत मागें पडली याचें आम्हांस निव्वळ दुःख वाटत नाहीं. अजूनहि कोणाचा असा घरोबा असेल तर त्यांनीं अवश्य उतरावें. मात्र आगाऊ कळवावें, माणसें थोडीं असावींत आणि दक्षिणेच्या वेळीं हात आंखडूं नये.

दुसरा प्रकार देवस्थानाच्या भक्तनिवासाचा. जागा साधी, दर माफक आणि देऊळ जवळ. तिसरा प्रकार गांवांतील लॉजांचा व हॉटेलांचा. आणि चौथा, ज्याचें नांव आमच्या तरुण वाचकांच्या तोंडीं हल्लीं वारंवार येतें, तो ‘बुटीक हॉटेल’ म्हणून. सन १९८४ मध्यें न्यूयॉर्क शहरांत ‘मॉर्गन्स’ नांवाचें हॉटेल निघालें, तेव्हांपासून हा शब्द विशेष रूढ झाला. खोल्या थोड्या, एकीसारखी दुसरी नाहीं, मालकाचें जातीनें लक्ष आणि त्या त्या स्थळाचा रंग घरभर उमटलेला, हीं त्याचीं लक्षणें. जुन्या वाड्यांची डागडुजी करून अशीं पाहुणघरें थाटण्याची चाल आपल्याकडेहि हळूहळू येत आहे. लक्षणें ताडून पाहिलीं तर उपाध्यायांच्या वाड्याचेंच हें नवें रूप दिसेल. फरक एवढाच कीं येथें आपुलकीचें देयक शेवटीं हातीं येतें. त्यांत वाईट कांहीं नाहीं. कष्ट ज्याचे, मोबदला त्याला. मात्र भिंतीवरचा जुना कंदील आणि कोनाड्यांतली पितळी समई पाहून भुलूं नये. वाड्याचे उंबरठे उंच असतात, जिने काळोखे आणि अरुंद असतात, आणि हें चित्रांत दिसत नाहीं.

आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबाची हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. अकरा माणसें; नुकतेंच लग्न झालेलें जोडपें, दोन सुना, तीन मुलें, आणि सर्वांवर अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी. आजींनीं सून म्हणून या देवीचें दर्शन घेतलें होतें, त्याला साठ वर्षें होऊन गेलीं होतीं. नातसुनेची ओटी आपल्या देखत देवीपुढें भरावी, ही त्यांची एकच इच्छा. खोल्या घेतल्या त्या स्वच्छ, नव्या आणि सुंदर होत्या. मात्र त्या तिसऱ्या मजल्यावर होत्या आणि उद्वाहक बंद होता. आजी गुडघ्यांवर हात ठेवीत एकदां वर चढल्या. संध्याकाळीं मंडळी आरतीला निघालीं तेव्हां धाकटी सून म्हणाली, “आई, चलतां ना?” आजी म्हणाल्या, “तुम्ही जाऊन या ग. मी येथूनच हात जोडतें.” खिडकींतून देऊळ दिसत नव्हतें. त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. दुसऱ्या दिवशीं मुलांनीं खुर्चींत बसवून त्यांना खालीं आणलें, दर्शन झालें, ओटीहि भरली गेली, पण येतांना वाटेंत आजी थोरल्या मुलाला म्हणाल्या, “बाबा, आतां मला कोठें नेऊं नकोस. तुम्हां सर्वांना माझा त्रास.” त्या घरांत कोणी निष्ठुर नव्हतें. जागा ठरवितांना त्यांना कोणी विचारलें नव्हतें, इतकेंच.

यावरून आमची कसोटी वाचकांच्या ध्यानांत आलीच असेल. कुटुंबांत ज्याला सर्वांत अधिक अडचण आहे, आणि जो ती बोलून दाखविणार नाहीं, त्याच्या सोयीनें जागा निवडावी. बाकीच्यांची सोय आपोआप होते. तिसऱ्या मजल्याची खोली आजींना चालत नाहीं. तळमजल्याची खोली मात्र सर्वांनाच चालते.

म्हणून दूरध्वनीवर दर विचारण्यापूर्वीं कांहीं प्रश्न विचारून घ्यावे. तळमजल्यावर खोली मिळेल काय? शौचकूप बसण्याचा आहे कीं खुर्चीचा, आणि धरावयास दांडा आहे काय? पहाटे अभिषेकास जावयाचें असेल तर ऊन पाणी किती वाजतां येतें? केवळ उन्हावर तापणारें पाणी पहाटेस दगा देऊं शकतें. पाण्याचा सांठा किती, हाहि प्रश्न या भागांत गैर मानूं नये. सन २०१६ च्या उन्हाळ्यांत मांजरा धरण आटलें आणि शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें आपण विसरलों नसूं. पाहुण्यांनींहि तेथें नळ जपूनच सोडावा. जवळपास मंगल कार्यालय असल्यास त्या दिवशीं लग्न आहे काय, हेंहि पुसावें. वाजंत्री आणि ध्वनिक्षेपक यांपुढें तान्ह्या मुलाची झोंप टिकत नाहीं.

सुनांविषयीं एक शब्द स्वतंत्रपणें सांगितला पाहिजे. ‘स्वयंपाकाची सोय आहे’ असें ऐकून पुरुषमंडळी संतुष्ट होतात. ती सोय म्हणजे घरच्या चुलीपुढून उठून परगांवच्या शेगडीपुढें बसणें, हें त्यांच्या लक्षांत येत नाहीं. ज्यांना सोंवळ्याचा नैवेद्य करावयाचा आहे त्यांनीं तो अवश्य करावा. परंतु दोन्ही वेळचें जेवण बाहेरून सांगावें आणि धुणें घरीं आल्यावर करावें. दोन दिवस जिच्या हातीं झारा नाहीं, तिला देवीपुढें क्षणभर डोळे मिटून उभें राहतां येतें.

दिवस निवडतांनाहि विचार हवा. आश्विनांतील नवरात्र तर आहेच. पण योगेश्वरीचा विशेष उत्सव मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत असतो, आणि ती पौर्णिमा म्हणजे दत्तजयंती. त्या दिवसांची शोभा कांहीं और. मात्र वृद्धांना व लेंकुरवाळ्यांना गर्दी सोसत नाहीं. त्यांना घेऊन जावयाचें तर उत्सव संपल्यावरचे पौष-माघांतले साधे दिवस बरे. हवा थंड असते आणि जागा निवडून घेतां येते.

आणखी एक गोष्ट. या गांवीं स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नांवाचें मोठें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे, आणि आसपासच्या खेड्यांतून रुग्णांचे आप्त तेथें येतात. एखाद्या बापाला मुलाच्या उशाशीं धांवावयाचें असतें आणि रात्रीपुरती स्वस्त खोली हवी असते. म्हणून ‘असूं द्या’ म्हणून दोन खोल्या अधिक अडवूं नयेत, आणि बेत मोडला तर त्याच दिवशीं कळवावें. देवीच्या गांवीं जाऊन कोणाची जागा अडविली, असें होऊं नये.

इतका विचार केल्यावर जी जागा ठरेल ती कदाचित् सर्वांत सुंदर नसेल, सर्वांत स्वस्तहि नसेल. परंतु पहिल्या दिवशीं संध्याकाळीं घरांतील वडील माणूस स्वतःच्या पायांनीं चार पावलें चालून आरतीस गेलें, मुलांनीं दगडी हत्ती मोजले, आणि सुना रिकाम्या हातांनीं ओसरीवर बोलत बसल्या, कीं जागा बरोबर निवडली असें समजावें. येत्या खेपेस दर आणि चित्रें पाहण्याआधीं घरांतील आजींच्या जवळ जाऊन बसावें आणि विचारावें, “तुम्हांला कशी जागा हवी?” त्या ‘मला काय, कशीहि चालेल’ म्हणतील. तें उत्तर मान्य न करितां पुनः एकदां विचारावें.