जुनी बोट आणि हातातले घड्याळ

जुना बैल घेताना त्याचे दात पाहावेत आणि त्याला चार पावले चालवून पाहावे, हे आमच्या राहात्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. जुना ट्रॅक्टर घेताना धूर कसा येतो ते पाहतात, विहिरीवरची जुनी मोटर घेताना कानाने आवाज तपासतात. पण जुनी बोट? गोदावरी आमच्या तालुक्यात पुणतांब्यावरून वाहते, कालव्याचे पाणी पेरूच्या बागांना मिळते. मात्र समुद्र येथून फार लांब. त्यामुळे माझा भाचा एके दिवशी घरी येऊन जे बोलला, ते ऐकून मी चकितच झालो.

"मामा, आम्ही चौघे मित्र मिळून एक जुनी मोटरलाँच घेतोय. धरणाच्या जलाशयावर सहलीसाठी चालवू. बोट कोकणात आहे. तुम्ही बरोबर चला."

"अरे, मी पदार्थविज्ञान शिकवतो. बोटीतले मला काय कळणार?"

"बोट पदार्थविज्ञानावरच तरंगते ना, मामा?"

या उत्तरापुढे मी काय बोलणार! आम्ही निघालो. रायगड जिल्ह्यातल्या एका खाडीत, ओहोटीच्या वेळी, ती बोट चिखलात टेकू लावून उभी होती. लांबी ९ मीटर, पाण्याच्या रेषेपाशी रुंदी २.२ मीटर, वजन कागदोपत्री ६ टन. अंगावर पांढराशुभ्र नवा रंग. छतावर लोखंडी कठडा व बाके बसवून वरचा मजला केलेला. मालक अभिमानाने म्हणाले, "वर वीस माणसं आरामात बसतात. सहलीला हाच मजला चालतो बघा!"

रंगाच्या आत काय आहे?

बोट फायबरग्लासची होती. बाजारात कलिंगड घेताना किंवा माठ घेताना आपण काय करतो? बोटाने वाजवून पाहतो. तेच येथेही करायचे. लहान लाकडी हातोडीने बोटीच्या बुडावर हलके हलके ठोकत जायचे. थर एकजीव असतील तेथे आवाज खणखणीत येतो. थर सुटले असतील किंवा आत पाणी मुरले असेल तेथे तो बद्द येतो. ध्वनीची कंपने त्या जागी लवकर विरतात.

बुडावर काही ठिकाणी लहान फोडही होते. ते का येतात? रात्री पाण्यात टाकलेल्या मनुका सकाळी टम्म फुगलेल्या असतात. सालीतून पाणी आत शिरते, आतली साखर मात्र सहजी बाहेर येत नाही. या क्रियेला परासरण म्हणतात. फायबरच्या बाहेरच्या गुळगुळीत थरातूनही वर्षानुवर्षे थोडे थोडे पाणी झिरपते, आतले काही रासायनिक पदार्थ त्यात विरघळतात, आणि तो द्राव आणखी पाणी ओढून घेतो. दाब वाढला की फोड येतो. फोड मोजके असतील तर दुरुस्ती होते. सगळे बूड फोडांनी भरले असेल तर अशा बोटीपासून दूर राहावे. आमच्या बोटीवर अकरा फोड सापडले, पण आवाज सगळीकडे खणखणीत होता.

जस्ताचा तुकडा

बोटीच्या पंख्याजवळ जस्ताचा एक ठोकळा बसवलेला असतो. त्याचे काम फक्त झिजणे! पंखा कांशासारख्या मिश्रधातूचा, त्याचा दांडा पोलादाचा, आणि भोवती खारे पाणी. म्हणजे तुमच्या प्रयोगशाळेतला विद्युत घटच तयार झाला. अशा घटात जो धातू अधिक क्रियाशील तो झिजतो. जस्त जवळ असले की ते स्वतः झिजते आणि पोलाद वाचते.

ही गोष्ट माणसाला नुकसान सोसूनच कळली. इंग्लंडच्या आरमाराने १७६१ मध्ये 'अलार्म' या जहाजाच्या लाकडी बुडाला तांब्याचे पत्रे ठोकले. किड्यांपासून संरक्षण मिळाले, पण काही काळाने पत्रे सुटू लागले. ते ठोकणारे लोखंडी खिळेच तांब्याच्या सान्निध्यात गंजून गेले होते. पुढे १८२४ मध्ये हंफ्रे डेव्ही यांनी अधिक क्रियाशील धातू जोडून तांबे वाचवण्याची युक्ती दाखवली.

म्हणून जुन्या बोटीत हा ठोकळा आवर्जून पाहावा. तो पूर्ण संपला असेल तर पुढची पाळी पंख्याची व दांड्याची आहे. तो अगदी नवाकोरा दिसत असेल तर तो नुकताच बसवला आहे, की धातूशी त्याचा विद्युत संपर्कच नाही, हे विचारावे. आमचा ठोकळा अर्धा झिजला होता, म्हणजे काम चोख चालू होते. मात्र गोड्या पाण्यात जस्त तितके प्रभावी नसते. जलाशयासाठी मॅग्नेशियमचा ठोकळा लावावा लागतो.

इंजिनाची पारख आमच्या मुलांना सांगावी लागली नाही. ट्रॅक्टरच्या सवयीने भाच्याने आधी इंजिनाला हात लावून पाहिला. गार होते. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवलेले इंजिन सुरू होण्यातला दोष लपवते. मग त्याने ऑइलची पट्टी काढून पाहिली. ऑइल दुधाळ असेल तर त्यात पाणी मिसळले असे समजावे. तेही ठीक होते.

पाण्याची रेषा

भरती आली, बोट तरंगू लागली. आर्किमिडीजचा नियम तुम्हांला पाठ आहेच. त्याचा उपयोग करू. पाण्याच्या रेषेपाशी या बोटीचे क्षेत्रफळ सुमारे १४ चौरस मीटर भरले. म्हणजे बोट १ सेंटीमीटर खाली गेली की ती ०.१४ घनमीटर पाणी बाजूला सारते. गोड्या पाण्यात त्याचे वजन १४० किलो. सरासरी ६० किलोची वीस माणसे बसली की बोट साडेआठ सेंटीमीटर बुडणार.

शिवाय समुद्राच्या पाण्याची घनता घनमीटरला सुमारे १०२५ किलो, तर जलाशयातल्या पाण्याची १०००. म्हणून हीच बोट खाडीतून जलाशयात नेली की रिकामीच सुमारे १ सेंटीमीटर खोल बसेल. फरक लहान आहे, पण आधी माहीत असलेला बरा.

हेलकावा मोजा

आतापर्यंत बोट बहुतेक कसोट्यांना उतरली होती. मुले खूश होती. मालक म्हणाले, "आणि डोलते कशी ते पाहा. अगदी पाळण्यासारखी, संथ!"

येथेच मी सावध झालो. बोट कलली की तिच्या बुडाचा आकार तिला पुन्हा सरळ करू पाहतो. पाण्याचे वर ढकलणारे बल कललेल्या बाजूला सरकते, गुरुत्वबल मात्र गुरुत्वमध्यातूनच खाली ओढते. ही जोडी बोटीला परत फिरवते. जहाजबांधणीत मेटासेंटर नावाचा एक बिंदू मानतात. गुरुत्वमध्य त्याच्या जितका खाली, तितका हा परत फिरवणारा जोर जास्त. गुरुत्वमध्य त्याच्या वर गेला की बोट सरळ उभी राहू शकत नाही, ती कलंडते.

आता विचार करा. ताठ स्प्रिंगला टांगलेले वजन भराभर हलते, सैल स्प्रिंगला टांगलेले संथ. बोटीचेही तसेच. संथ हेलकावा म्हणजे परत आणणारा जोर कमी! सुखाचा वाटणारा पाळणा खरे तर धोक्याची सूचना असतो.

दोर सैल सोडून आम्ही बोटीला एका कडेने तालात दाबले, सोडले, आणि मी मनगटावरचे घड्याळ लावले. चार पूर्ण हेलकाव्यांना १४ सेकंद. म्हणजे एकाला ३.५ सेकंद. एक ढोबळ सूत्र असे आहे: बोटीच्या रुंदीला ०.८ ने गुणा, हेलकाव्याच्या सेकंदांनी भागा आणि येणाऱ्या संख्येचा वर्ग करा. ०.८ × २.२ ÷ ३.५ = ०.५. त्याचा वर्ग ०.२५. म्हणजे गुरुत्वमध्य मेटासेंटरच्या फक्त २५ सेंटीमीटर खाली होता.

आता वरच्या मजल्यावर वीस माणसे बसवा. त्यांचे वजन १२०० किलो, बोटीच्या गुरुत्वमध्यापासून त्यांची उंची सुमारे १.८ मीटर. माणसांसह एकूण वजन ७२०० किलो. १२०० × १.८ ÷ ७२०० = ०.३. गुरुत्वमध्य ३० सेंटीमीटर वर सरकणार, आणि हाताशी होते केवळ २५! मी हिशेब वहीत मांडून दाखवला, तेव्हा भाच्याचा चेहरा उतरला.

स्वीडनमध्ये १६२८ साली तोफांचे दोन मजले असलेले 'वासा' हे युद्धनौकेचे भव्य जहाज तयार झाले. समुद्रात जाण्यापूर्वी ३० खलाशांना एका कडेवरून दुसऱ्या कडेला धावायला लावून त्याची परीक्षा घेतली. जहाज इतके डोलू लागले की ती परीक्षा मध्येच थांबवली. पण जहाज थांबवले नाही. १० ऑगस्टला ते निघाले आणि दीड किलोमीटरही न जाता बुडाले. आपल्याकडेही १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट भर पावसाळ्यात बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. बोट म्हणजे केवळ पैशाचा व्यवहार नव्हे, हे अशा वेळी कळते.

मुलांनी मालकांपुढे अट ठेवली: वरचा मजला उतरवा, मग पुन्हा घड्याळ लावू. मालक आधी नाराज झाले, पण महिन्याने त्यांचा निरोप आला. मजला उतरवल्यावर चार हेलकाव्यांना ११ सेकंद लागले. तुम्हीच सूत्राने पाहा, अंतर २५ वरून किती झाले? तरीही अधिकृत तपासनिसाचा दाखला मिळेपर्यंत भाच्याने पैसे दिले नाहीत. घड्याळाने संशय येतो, निर्णय मात्र जाणकाराने द्यायचा असतो.

करून पाहा

प्लॅस्टिकचा चौकोनी डबा पाण्याच्या बादलीत तरंगत ठेवा. तळाशी दहा नाणी पसरून चिकटवा. डबा कलवून सोडा आणि हेलकावे मोजा. मग डब्याच्या मध्यभागी एक पेन्सिल उभी चिकटवून तीच नाणी एकेक करून तिच्या टोकाला चिकटवत जा. प्रत्येक वेळी हेलकावा किती संथ होतो आणि कितव्या नाण्याला डबा उलटतो, हे वहीत लिहा. उलटण्यापूर्वी डब्याने तुम्हांला किती वेळा सूचना दिली, तेही मोजा.