व्होल्टातून सेंटिमीटर

भिंत किती लांब आहे हे रोबोला कळत नाही. त्याला कळतात फक्त व्होल्ट. शाळेतल्या मुलांना रोबोचं कोडिंग शिकवताना मी सुरुवातच या वाक्यानं करते, आणि मुलं 'मॅडमना आज काय झालंय' अशा नजरेनं एकमेकांकडे बघतात.

पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणारा दोन डोळ्यांचा, आवाजानं अंतर मोजणारा स्वस्त सेन्सर एचसी-एसआर०४ त्यांच्या ओळखीचा असतो. तिथं कोडनंच सेन्सरला इशारा द्यायचा आणि प्रतिध्वनी परतायला किती मायक्रोसेकंद लागले ते मोजायचं. अ‍ॅनालॉग सेन्सरला ही उस्तवार लागत नाही. मॅक्सबोटिक्सचा एमबी१०१३ घ्या. आपल्या कानाला ऐकू न येणारा ४२ किलोहर्ट्झचा आवाज तो स्वतःच सोडतो, परतीचा वेळ स्वतःच मोजतो, हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो याचा हिशेबही स्वतःच करतो. उत्तर मात्र एका तारेवर व्होल्टेजच्या रूपात ठेवतो. ते सेंटिमीटरमध्ये आणायचं काम आपलं.

अमेरिकेतल्या 'फर्स्ट' स्पर्धेच्या मोठ्या रोबोंमध्ये रोबोरिओ नावाचा कंट्रोलर वर्षानुवर्षं वापरात आहे. तो ० ते ५ व्होल्टचे ४०९६ भाग करतो आणि कोडला ० ते ४०९५ मधला एक आकडा देतो. या सेन्सरसाठी त्या आकड्याला ०.१२५ नं गुणलं की सेंटिमीटर मिळतात. १६०० आला तर अंतर २ मीटर. एका ओळीचं काम.

पण ही ओळ अर्धीच आहे. सेन्सर ठरावीक व्होल्ट देत नाही, त्याला मिळणाऱ्या व्होल्टचा वाटा देतो. बटईच्या शेतीसारखं. पीक कमी आलं तर पोती कमी येतात, वाटा तोच राहतो. मोटारींनी एकदम करंट ओढला आणि सेन्सरचा ५ व्होल्टचा पुरवठा समजा ४.७ वर आला, तर त्याच २ मीटरसाठी आकडा येतो १५०४. आपली ओळ सांगते, १८८ सेंटिमीटर. भिंत जागेवरच, रोबोही जागेवरच, आणि १२ सेंटिमीटर गायब! म्हणून आधी पुरवठ्याचं खरं व्होल्टेज वाचायचं, ५ ला त्यानं भागायचं आणि आलेल्या गुणकानं आकडा गुणायचा. रोबोरिओवर ते वाचायची सोय तयार आहे. आर्डुइनो उनो बोर्डवर बहुतेक वेळा हा प्रश्नच येत नाही, कारण तिथं सेन्सर आणि मोजणारी चिप एकाच ५ व्होल्टवर चालतात. दोन्हीकडे सारखीच घट, वाटा बरोबर.

मग येतात उड्या मारणारी रीडिंग. १०२, १०१, ४८७, १०३, १०२. मुलं लगेच सरासरी काढतात आणि १७९ वर येऊन पोहोचतात, जिथं काहीच नाही. इथं मध्यक हवा: चढत्या क्रमानं लावून मधला आकडा उचलायचा, १०२. एखादा उडाणटप्पू आकडा आपोआप कडेला पडतो.

तरीही एक गफलत उरते, आणि ती मला सगळ्यांत मजेदार वाटते. रोबोच्या कोडचं चक्र दर २० मिलिसेकंदांनी फिरतं. हा सेन्सर नवं उत्तर देतो १०० मिलिसेकंदांनी. म्हणजे लागोपाठच्या पाच चक्रांत आपण तेच उत्तर पाच वेळा वाचतो आणि त्या पाचांचा मध्यक काढून खूश होतो! मध्यकाच्या या फिल्टरमध्ये आकडा दर १०० मिलिसेकंदांनीच टाकायला हवा. त्याची किंमतही आहेच: सेकंदाला २ मीटर पळणारा रोबो तेवढ्या वेळात २० सेंटिमीटर पुढं गेलेला असतो. म्हणून वेगात असताना मी पाचाऐवजी तीनच आकडे घ्यायला सांगते.

तिरकी भिंत आवाज भलतीकडेच परतवते, जाड पडदा तो गिळून टाकतो. यावर कोडमध्ये इलाज नाही. जवळच्या अंतरावर मात्र आहे, तोही कोडबाहेर. ३० सेंटिमीटरच्या आत काहीही आलं तरी हा सेन्सर ३० च सांगत राहतो. त्यामुळे तो रोबोच्या नाकावर न लावता बंपरपासून ३० सेंटिमीटर आत बसवायचा, आवाजाच्या वाटेत स्वतःचाच एखादा रॉड येत नाही ना ते बघायचं, आणि ते ३० शेवटी कोडमध्ये वजा करायचे.