उष्णतेची मोट



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते विज्ञान शिकवीत. मी आयुष्यभर मराठी शिकविले. तेव्हा ‘हीट पंप’ नावाच्या यंत्रावर मी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु या विषयात माझा शिरकाव झाला तो शब्दांच्या वाटेनेच. ‘हीटर’ म्हणजे उष्णता निर्माण करणारा. ‘पंप’ काहीच निर्माण करीत नाही. तो असलेले उपसतो. या दोन शब्दांतील अंतर ज्याला उमगले, त्याला या यंत्राचे निम्मे शास्त्र कळले, असे मी म्हणेन. कोशकार यासाठी ‘उष्णता-उदंचक’ असा काही शब्द घडवितील. मला आपली मोटच बरी वाटते.

पाणी उताराकडे धावते, तशी उष्णता उष्ण वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते. विहिरीचे पाणी वर आणावयाचे तर मोट हाकावी लागे. बैल पाणी उत्पन्न करीत नसत. त्यांचे श्रम ते वर आणण्यापुरतेच. शून्य अंशाची हवा आपल्याला बोचते खरी, पण निरपेक्ष शून्य तिच्याहूनही २७३ अंश खाली आहे, म्हणजे त्या हवेतही उष्णता पुष्कळ असते. ती गोळा करून घरात आणावयाची, एवढेच काम. यंत्रात फार कमी तापमानाला उकळणारा द्रव असतो. बाहेरच्या नळ्यांत तो हवेची ऊब घेऊन वायुरूप होतो. माठाच्या अंगावरचे पाणी उडून जाताना माठाची ऊब नेते, तसाच हा प्रकार. काँप्रेसर त्या वायूला दाबतो आणि तो तापतो; सायकलीत हवा भरताना पंप गरम होतो, हे आपण जाणतोच. घरातल्या नळ्यांत उष्णता सोडून तो पुन्हा द्रव होतो, आणि झडपेतून दाब उतरताच गार होऊन फिरून बाहेर जातो. आपला फ्रिज रात्रंदिवस हेच करीत असतो. काँप्रेसरला एक युनिट वीज दिली की घरात सुमारे तीन युनिट उष्णता येते; त्यातली दोन बाहेरच्या हवेची. ऊर्जेचा कोणताही नियम यात मोडत नाही.

कल्पना जुनी आहे. पुढे लॉर्ड केल्व्हिन झालेले विल्यम थॉमसन यांनी ती १८५२ मध्ये मांडली, आणि १९३८ मध्ये झुरिकचे नगरभवन लिम्माट नदीच्या पाण्यातून काढलेल्या उष्णतेवर तापू लागले.

आता खर्चाकडे येतो. माझी कन्या इंग्लंडात लीड्सला राहते. तिच्या घरचा गॅसचा बॉयलर म्हातारा झाला, तेव्हा तिने विचारले, “बाबा, हीट पंप बसवला तर बिल खरंच कमी होईल का?” मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

तेथील सर्वसाधारण घराला वर्षाला ११,५०० युनिट गॅस लागतो, असे तेथील नियामक २०२४ मध्ये धरत होता. बॉयलरमधून त्याची नव्वद टक्के, म्हणजे १०,३५० युनिट उष्णता मिळते. २०२४ च्या अखेरच्या तिमाहीत दरमर्यादा गॅसला युनिटमागे सुमारे सव्वासहा पेनी आणि विजेला साडेचोवीस पेनी होती. म्हणजे वीज जवळजवळ चौपट महाग! गॅसचा स्थिर आकार धरून बॉयलरचा वार्षिक खर्च सुमारे ८३० पौंड. पंपाने विजेच्या तिप्पट उष्णता दिली तर ३,४५० युनिट वीज लागेल, ८४५ पौंडांची. बचत शून्य! साडेतीनपट दिली तर खर्च ७२५ वर उतरतो. अडीचपटच दिली तर हजारावर चढतो. प्रश्न यंत्राचा नव्हे, ते बसविणाऱ्याच्या हाताचा आहे. घरात फिरणारे पाणी ६५ अंशांऐवजी ४५ अंशांवर भागले, तर मोटेला कमी उंची चढावी लागते. त्यासाठी रेडिएटर मोठे हवेत आणि भिंती, माळा ऊब धरणारे हवेत. २०२३ च्या ऑक्टोबरपासून सरकारी अनुदान ७,५०० पौंड झाले. त्याने बसविण्याचा खर्च हलका होतो, पण मासिक बिल हलके होत नाही.

कर्बवायूचा हिशेब मात्र असा डळमळीत नाही. तेवढा गॅस जाळल्याने सुमारे २,१०० किलो कर्बवायू सुटतो. ३,४५० युनिट ब्रिटिश विजेमागे सुमारे ७०० किलो. म्हणजे वर्षाला १,४०० किलोंची घट. शिवाय ३० सप्टेंबर २०२४ रोजी त्या देशाचे शेवटचे कोळशावरील वीजकेंद्र बंद झाले. वीज शुद्ध होत जाईल तसा बसविलेला पंपही आपोआप शुद्ध होईल. बॉयलरला ती सोय नाही.

नॉर्वेत दहापैकी सुमारे सहा घरांत हे यंत्र आहे. तेथील वीज बहुतांशी जलविद्युत, आणि पूर्वी बहुतेक घरे साध्या विद्युत-हीटरवर तापत. त्यामुळे पंप लावताच बिल थेट उतरले. थंड देशात हे चालत नाही, असे म्हणणाऱ्यांनी नॉर्वेकडे पाहावे.

आणि आपले ग्वाल्हेर? डिसेंबर-जानेवारीतली आपली थंडी मध्य भारतात प्रसिद्ध आहे, आणि घरोघरी लाल तारेचा हीटर आहे. आपली वीज अजून मुख्यतः कोळशाची. युनिटमागे सुमारे ०.७ किलो कर्बवायू. या विजेवर पंप चालवून उष्णतेच्या एका युनिटामागे ०.२३ किलो पडतो, आणि गॅस बॉयलरचा ०.२० असतो. गॅसऐवजी पंप, ही लीड्समधली सुधारणा येथे उलटी पडेल. हीटरऐवजी पंप मात्र निःसंशय लाभाचा. दीड किलोवॉटचा हीटर रोज पाच तास, साठ दिवस चालला तर ४५० युनिट; तेवढीच ऊब तिप्पट देणाऱ्या पंपाला १५० युनिट पुरतील. वाचलेल्या ३०० युनिटांना प्रत्येकाने आपल्या बिलावरील दराने गुणावे; कर्बवायू २१० किलोंनी घटतो. यासाठी वेगळे यंत्रही नको. दोन्ही दिशांनी चालणारा एसी, ज्याला दुकानदार ‘हॉट अँड कोल्ड’ म्हणतात, तो हीट पंपच होय. केवळ थंडीच्या दोन महिन्यांसाठी तो घ्यावा, असे मी कुणालाही सांगणार नाही. परंतु ज्याला उन्हाळ्यासाठी एसी घ्यावयाचाच आहे, त्याने पैसे मोजण्यापूर्वी तो उलट्या दिशेनेही चालतो का, हे अवश्य विचारावे.