हिमवर्षावांत कापडी छपराची मोटार

कॅनडांतील मॉन्ट्रियलसारख्या शहरीं कापडी छपराची मोटार हिंवाळाभर उघड्यावर ठेवणें अशक्य नाहीं. मात्र शत्रू ओळखला पाहिजे. ताजें, भुसभुशीत हिम घनमीटरास सुमारें १०० किलो भरतें. म्हणजे दोन चौरस मीटर छपरावर ३० सेंटिमीटर थर साचला, कीं ६० किलोंचा भार झाला! तो मऊ कुंच्यानें वरचेवर झाडावा. फावडें लावूं नये. शिवणींत मुरलेलें पाणी गोठतांना सुमारें ९ टक्के फुगतें व शिवण सैल करतें. यास्तव हिम पडण्यापूर्वींच पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या साफ कराव्या. १९८९ च्या मझदा एमएक्स-५ प्रमाणें मागील खिडकी प्लास्टिकची असल्यास ती थंडीनें ताठरते, दुमडतांना तडकते. सबब कडाक्यांत छप्पर उघडूं नये. वरील आच्छादन हवा खेळूं देणारें असावें; अन्यथा कोंडलेल्या दमटपणानें बुरशी चढते. कापड टिकतें तें जाडीनें नव्हे, कोरडें राहिल्यानें.