मक्याचे दाणे कसे काढावेत



आपल्या नाशिक जिल्ह्यात मका पुष्कळ पिकतो. आमच्या रानात पण दर पावसाळ्यात मका असतो. श्रावण संपत आला की कणसे भरतात. मग घरोघरी कणसे भाजतात, उकडतात, दाण्यांची उसळ करतात. भाजलेले कणीस दाताने खाता येते. पण उसळीला आणि वड्यांना दाणे सुटे लागतात. ते काढणे सोपे वाटते, पण तसे नाही. मला हे कसे कळाले ते आधी सांगतो.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२४ साली, मी तिसरीत होतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मामा येणार होते. आई रानात निंदायला गेली होती. आजी चुलीपाशी भाकरी करत होती. मी म्हणालो, "आजी, मी उसळीला दाणे काढून ठेवतो." आजी म्हणाली, "थांब रे बाळा, आई येऊ दे." पण मी ऐकले नाही. मी विळी घेतली आणि अख्खे कणीस दोन्ही हातांनी धरून पात्यावर ओढले. पहिल्या दोन ओळी बऱ्या निघाल्या. मग दाण्यांच्या दुधाने हात बुळबुळीत झाले. कणीस गरकन फिरले आणि माझा उजवा अंगठा पात्यावर गेला. रक्त बघून माझी लहान बहीण रडायला लागली. मग मी पण रडलो.

आजीने अंगठा स्वच्छ पाण्याने धुतला, धुतलेले फडके घट्ट दाबले आणि मला हात वर धरायला लावला. तेवढ्यात मामा आले. त्यांनी मला मोटारसायकलवर दवाखान्यात नेले. तिथे पट्टी बांधली आणि धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. नर्सबाई म्हणाल्या, "जखमेला माती, चुना, तंबाखू काही लावलं नाही हे लय बरं केलं." त्या दिवशी उसळ झालीच नाही. मामांनी चटणी-भाकरी खाल्ली.

दोन दिवसांनी ५ सप्टेंबर, शिक्षक दिन होता. आमची शाळा लहान आहे, म्हणून तिसरी-चौथीची मुले त्या दिवशी शिक्षक होतात. मला दुसरीचा वर्ग मिळाला होता. फळ्यावर तारीख लिहायची, सुविचार लिहायचा, असे मी आठ दिवस मनात ठरवले होते. पण अंगठ्याला ही मोठी पट्टी! खडू धरताच येईना. मला फार वाईट वाटले. मी बाईंना म्हणालो, "बाई, दुसऱ्या कुणाला द्या वर्ग." बाई म्हणाल्या, "खडू नसला तर काय झालं? घरून एक कणीस आण आणि तेच शिकव."

मी धावत जाऊन तीन कणसे आणली. मुलांना म्हणालो, ओळी मोजा. एका कणसाला १२ ओळी भरल्या, दुसऱ्याला १४, तिसऱ्याला १६. बाई म्हणाल्या की मक्याच्या कणसावर दाण्यांच्या जागा जोडीजोडीने येतात, म्हणून ओळी नेहमी सम भरतात. घरी मोजून बघा. फक्त शेंड्याकडे दाणे वेडेवाकडे असतात, म्हणून मधल्या भागात मोजा. आणखी एक गंमत म्हणजे कणसाचा एकेक केस एकेका दाण्याला जोडलेला असतो. ज्या केसावर पराग पडत नाही, तिथे दाणा भरत नाही.

अंगठा बरा झाल्यावर आईने मला दाणे काढायचे नीट शिकवले. ते असे.

कणीस कोणते घ्यावे : वरचे केस वाळून तपकिरी झालेले असावेत आणि हाताला कणीस भरलेले लागावे. एका दाण्यात नख रोवून बघा. पांढरे दूध आले तर कणीस चांगले. नुसते पाणी आले तर कोवळे, काहीच आले नाही तर ते जून झाले. पाला सोलून केस काढून टाका. ओला मका तोडल्यावर त्यातल्या साखरेचे हळूहळू पीठ बनते आणि गोडी कमी होते. म्हणून ज्या दिवशी तोडाल त्याच दिवशी दाणे काढा.

हाताने काढणे : ही रीत आम्हा मुलांची आहे. पाते लागत नाही. कणसाच्या जाड बाजूने चमच्याच्या दांड्याने एक ओळ उचकटून काढा. ते चार-दोन दाणे फुटले तरी चालतील. आता कणसावर एक मोकळी वाट झाली. शेजारच्या ओळीला अंगठ्याने त्या वाटेकडे ढकला. दाणे पटापट आडवे होऊन सुटतात. दाणे एकमेकांना टेकून घट्ट उभे असतात. एक ओळ गेली की पुढच्या ओळीचा आधार जातो. या रीतीने दाणा टोकासकट अख्खा निघतो. फार कोवळे कणीस मात्र फुटते. ते आधी उकडून, गार करून घ्यावे.

सुरीने काढणे : हे काम मोठ्यांचे. आम्ही जवळ बसून बघायचे. आई कणीस मधोमध मोडते, म्हणजे उंची कमी होते आणि ते हलत नाही. परातीत ओले फडके टाकून त्यावर पाट ठेवते. फडक्यामुळे पाट सरकत नाही आणि दाणे परातीतच पडतात. मोडलेली बाजू सुरीने सपाट करून त्यावर कणीस उभे करायचे. बोटे वर शेंड्याला धरायची आणि सुरी वरून खाली न्यायची. धरलेल्या हाताकडे सुरी कधीच आणायची नाही. एका वेळी तीन-चार ओळी कापायच्या. मग कणीस थोडे फिरवायचे. सुरी अगदी मुळापर्यंत दाबायची नाही, नाहीतर दांड्याचा कडक भाग दाण्याबरोबर येतो आणि दातात अडकतो. थोडा दाणा दांड्यावर राहू द्यायचा. शेवटी सुरीच्या उलट्या बाजूने दांडा खरवडायचा. जे दूध निघते ते आई उसळीत घालते, मग उसळ छान दाट होते.

किसणीवर किसणे : मक्याच्या किसाला कणीस किसणीवर घासतात. दाणे संपत आले की बोटे किसणीजवळ येतात. तिथेच थांबायचे आणि राहिलेले चमच्याने खरवडायचे.

विळीबद्दल : गोल वस्तू फिरते, ओली वस्तू निसटते. ओले कणीस दोन्ही असते. म्हणून मक्याचे दाणे विळीवर काढू नयेत. पालकांना माझी विनंती आहे की काम झाले की, दाराशी कुणी हाक मारली तरी, आधी पाते मिटवा आणि मग उठा. घरात रांगणारी मुले असतात.

उरलेला पाला आम्ही गाईला घालतो. दांडे मात्र अख्खे घालत नाही, ते जनावराच्या घशात अडकू शकतात. ते वाळवून चुलीत घालतो.

यंदा पोळ्याला मामा पुन्हा आले. मी आणि बहिणीने मिळून हाताने सहा कणसे सोलली. तिने ओळी मोजल्या, मी दाणे काढले. आजी अधूनमधून माझ्या अंगठ्याकडे बघत होती. वेळ लागला, पण कुणाला काही लागले नाही. मामांनी दोनदा उसळ मागून घेतली.

माझ्या अंगठ्यावर अजून पांढरी रेघ आहे. कुणाला बघायची असेल तर मधल्या सुट्टीत या.

इयत्ता ४ थीचा एक विद्यार्थी